चौदा दिवसांचं ओसाका

५ ऑक्टोबर २००७, शुक्रवार

आज पुन्हा खोटं बोललो. तेही बिशान भागात, दादारावकाकांच्या घरी बसून. सिंगापुरात आलो तेव्हा ज्यांनी महिनाभर स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, त्यांच्याशी.

लताकाकू पुढच्या शनिवारी ओसाकाला निघाल्यात — एकट्याच. तिथे त्यांच्या लेकीला, प्रियदर्शिनीला, आठवा महिना, जावई कामासाठी परगावी, काकांना रजा नाही. लेकीने ईमेलमध्ये सोपं करून लिहिलं होतं: विमानतळाबाहेर बस मिळेल, शेवटच्या थांब्यावर उतर, मी तिथेच उभी असेन. काकांनी ते मला दाखवलं. "तू राहिलायस तिथे. बरोबर आहे ना?"

हो म्हणालो असतो तर विषय संपला असता. पण नाही. बस कशाला, ट्रॅफिकमध्ये अडकते, ट्रेनच बरी म्हणालो. सगळं मराठीत लिहून देतो म्हणालो. काकूंना केवढा धीर आला!

६ ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहावं. ओसाकात मी चौदा दिवस होतो. २००३ साली, ट्रेनिंगला. विमानतळावरून कंपनीच्या गाडीने नेलं, गाडीनेच आणून सोडलं. पहिल्या संध्याकाळी स्टेशनाखालच्या दुकानांच्या गल्ल्यांत हरवलो — तीन तास. एकाच मिठाईच्या दुकानासमोर चारदा आलो. कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. त्यानंतर फक्त हॉटेल ते ऑफिस आणि ऑफिस ते हॉटेल.

परतल्यावर लोक विचारू लागले. चौदा दिवसांचे दोन महिने झाले, मग सहा. एकताशी लग्न ठरलं तोवर त्या चौदा दिवसांचं वर्ष झालं होतं.

७ ऑक्टोबर

इंटरनेटवर शोधून दोन पानं लिहिली. 'हारुका' नावाची गाडी घ्यायची. 'ओसाका' स्टेशनलाच उतरायचं. 'शिन-ओसाका' वेगळं, तिथे उतरायचं नाही — खाली दोन रेघा मारल्या. एकता म्हणाली, किती काळजीने लिहिलंयस.

काकांनी लेकीला कळवलंय: आई ट्रेनने येईल, ओसाका स्टेशनवर थांब.

१४ ऑक्टोबर, रविवार

दुपारी काकांचा फोन. काकू पोचल्याच नाहीत. विमान सकाळीच उतरलंय. इथला मोबाइल तिकडे चालत नाही. प्रियदर्शिनी तेवढं पोट घेऊन स्टेशनात उभी. मी म्हणालो, येतील, गाड्या उशिरा असतील. जपानात!

संध्याकाळी कळलं. काकू ओसाकाची वाट बघत बसून राहिल्या आणि गाडी थेट क्योतोला जाऊन थांबली. दुसरं शहर. तिथल्या स्टेशनवाल्यांनी कागदावरचा नंबर बघून लेकीला फोन लावला. प्रियदर्शिनी साडेचार तास उभी होती. पोटात कळा आल्या म्हणून रात्री दवाखान्यात ठेवणार आहेत.

१५ ऑक्टोबर

त्या गाडीचं वेळापत्रक उघडलं. ती 'ओसाका' स्टेशनला थांबतच नाही. 'शिन-ओसाका'ला थांबते. जिथे उतरायचं होतं, तिथेच उतरू नका म्हणून मी दोन रेघा मारल्या होत्या.

काकांचा फोन आला. कळा थांबल्या, पण प्रियदर्शिनीने आता झोपूनच राहायचंय. मग म्हणाले, "लता म्हणते, तिचंच वाचण्यात चुकलं."

मी म्हणालो, "असेल."

एवढंच. असेल.

२० ऑक्टोबर

काकांनी जेवायला बोलावलं होतं. ताप आहे म्हणून कळवलं. ताप नाही.

२८ ऑक्टोबर

टॅम्पिनीसच्या बाजारात ऑफिसमधला रत्नदीप भेटला. डिसेंबरात ओसाकाला निघालाय. म्हणाला, मलाही लिहून दे ना. हो म्हणालो! माझ्या तोंडून होच निघतं.

२ नोव्हेंबर

एकताला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालत राहिली. घड्या संपल्यावर म्हणाली, "मला सांगितलेलं अजून काय काय खोटं आहे?"

मी आठवू लागलो. आठवावं लागलं, हेच तिला पुरलं. आतल्या खोलीत गेली.

३ नोव्हेंबर, शनिवार

बिशानला गेलो. उभ्या उभ्याच सांगितलं — चौदा दिवस, कंपनीची गाडी, दोन रेघा. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, मला नको सांगूस, तिला सांग. नंबर फिरवून रिसीव्हर माझ्या हातात दिला.

काकूंनी मधेच थांबवलं. "ठाऊक आहे रे. प्रियदर्शिनीने त्याच रात्री कागद वाचला."

मग स्वतःवर का घेतलं, मी विचारलं.

"तू बोलतोस का, ते बघत होते. वीस दिवस लागले तुला, नागसेन."

माफ केलं म्हणाल्या नाहीत. मीही मागू शकलो नाही. पोरीला औषध द्यायचंय म्हणून फोन ठेवला.

४ नोव्हेंबर

रत्नदीपला फोन करून सांगितलं, मला तिथलं काही माहीत नाही. तो हसला. त्याला थट्टा वाटली. पुन्हा सांगितलं. मग हसला नाही.

२४ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दारात दादारावकाका. बिशानहून इथे आमच्या सेंगकांगपर्यंत आले, न कळवता. प्रियदर्शिनीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. हातात जपानच्या व्हिसाचे दोन फॉर्म. म्हणाले, "मला नात बघायची आहे. रस्ता मलाही येत नाही, तुलाही येत नाही. विचारत विचारत जाऊ."

एकताने आतून पेन आणून दिलं.