कोण कुणाला थोपटत होतं

ताई,
तुला उठवलं नाही. बाळाला दूध पाजून तुझ्या कुशीत ठेवलंय. मी दवाखान्यात आईकडे चाललेय. हो, मीच! बाथरूमची फरशी ओली ठेवून तिला पाडणारी आणि मग महिनाभर तोंड न दाखवणारी.

झालं असं, की सकाळी नेहमीसारखी डोळे मिटून देवापुढे बसले होते. मी नालायक, मला माफ कर, तेच रडगाणं सुरू करणार होते, तेवढ्यात मांडीशेजारी बाळ कुरकुरलं. डोळे न उघडताच थोपटत राहिले, "उगी उगी, माझं सोनं ते. मी आहे ना!" बऱ्याच वेळाने बघते तर बाळ केव्हाच झोपलेलं, आणि मी आपली स्वतःचाच गुडघा थोपटतेय!

हसू नकोस. आवाज माझाच होता गं, पण ते मला कुणीतरी म्हणत होतं. हात गुडघ्यावर तसाच ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. हलायची छाती होईना.

गॅस बंद केलाय. बाथरूम दोनदा पुसून कोरडं केलंय.

आणि हो, आज माफी मागायची राहूनच गेली. देवाची काही तक्रार दिसली नाही. आता आई काय म्हणते बघू.