कडुलिंबाखालची गाडी

चिखली

प्रिय आल्हाद,

तू कुरियरने पाठवलेलं गाडीचं कव्हर मिळालं. कापड चांगलं आहे. आपलं शेत बघणाऱ्या अमडापूरच्या भागवतने ते नेऊन आपल्या कडब्याच्या गंजीवर घातलं. रागावू नकोस, आणि रागावलास तरी पुण्याहून इथवर ऐकू येणार नाही.

दारातला कडुलिंब यंदा वेड्यासारखा फुलला आहे. सकाळी पाहावं तर गाडीवर पिवळट भुकटी, तिच्यावर बारीक पांढरी फुलं आणि त्यांच्या मधाने सगळ्याचा झालेला चिकट लेप. यावर कव्हर घाला म्हणजे झालं, असं तू फोनवर म्हणालास. अरे शहाण्या, दुपारी वारा सुटला की कव्हर फडफडतं, खालची भुकटी रंगावर घासली जाते आणि मांजराने ओरबाडल्यासारखे चरे पडतात. कोरड्या फडक्यानेही तेच होतं. आधी वरून पाणी सोडून भुकटी वाहून जाऊ द्यायची, मग ओलं फडकं फिरवायचं, तेही टपापासून खाली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बाकं पुसायला लावत, तेव्हापासून मला पुसण्यातला हलगर्जीपणा सहन होत नाही.

पाणी कुठून आणता, हेही तू विचारशील. नळ आठवड्याला येतो. अशात गाडी धुताना कोणी दिसला तर गल्ली त्याला वाळीत टाकेल. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या मशीनमधून जे वाया जातं, ते मी बादलीत साठवते. त्या बादलीवर आणि मगावर तुझे बाबा रोज गाडी स्वच्छ करतात. समोरच्या पुष्पाबाईंना हे पाहवत नाही. परवा फाटकातूनच म्हणाल्या, "काऊन हो भाऊजी, रोज रोज पुसून राह्यले? गाडी त जागची हालत नाही!" बाबा म्हणाले, "हालत नाही म्हणूनच त पुसून राह्यलो. चालत्या गाडीले वारा पुसते." बाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. कितीतरी दिवसांनी बाबांनी कोणाला असं उत्तर दिलं, म्हणून मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. अक्षय्य तृतीयेला नांदुऱ्याचं गिऱ्हाईक गाडी घेऊन जाईल, असं तू परस्पर ठरवूनही टाकलंस. बाबांना आता चालवता येणार नाही, आईला येत नाही, मग उगाच उभी कशाला ठेवायची? तुझं गणित बरोबर आहे. लहानपणीही तू गणितं बरोबर सोडवायचास आणि प्रश्न वाचायचा नाहीस. बाबा नुसतं "ने बाप्पा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी बादली भरलेलीच राहिली. दुपारपर्यंत गाडी पिवळी झाली आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. त्याच्या पुढच्या सकाळी मीच फडकं घेऊन बाहेर गेले आणि मुद्दाम खालून वर पुसायला लागले. "अवं, सत्यानाश करतं का!" म्हणून ओरडत आले आणि फडकं हिसकावून घेतलं. बायकोवर ओरडणाऱ्या नवऱ्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. फोन बाबांच्या समोर स्पीकरवर असतो, म्हणून तोंडाने सांगता येत नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या समीक्षाला ते "उद्या या" म्हणून परत पाठवायचे. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू पुष्पाबाईंच्या कुत्र्याकडे गेला. पण गाडीवर पाणी सोडायला मग लागतो. तो मग डाव्या हातात घेतला, की फडकं उजव्या हाताने धरावंच लागतं. सुरुवातीला फडकं सारखं गळून पडायचं. बाबा मला हाक मारायचे नाहीत आणि मी खिडकीतून हलायचे नाही. मग हात दारापर्यंत गेला, मग काचेपर्यंत. आज टपापर्यंत पोचला. त्यांना यातलं काही कळलेलं नाही, ते फक्त गाडी पुसतात. आणि कळलं तर व्यायाम म्हणून तेही सोडून देतील. तेव्हा त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव. काय सबब सांगायची ती तू शोध आणि बाबांसमोर कव्हरचं नाव काढू नकोस. आज आंघोळीनंतर त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताने केस विंचरले. भांग अगदी वाकडा पडला आहे. मी तो सरळ केलेला नाही.

तुझीच,
आई