रोलवरचा फोटो

भेस्तान, सुरत
३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. वर्षाताईस सा. न. वि. वि.

मोबाईल रागात भिंतीवर आपटला, म्हणून पत्र. हसू नकोस.

पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये आमच्या खोलीला खिडकीच नाही. दिवसभर ट्यूबखाली मी कापडाचे रंग जुळवतो, अश्विनी नमुने कापते. तिला नंदुरबारचं स्थळ आलंय. मुलाचा बाप म्हणाला, मोबाईलवर पोरी गोऱ्या करतात, रोलवरचा फोटो पाठवा. रोलचा कॅमेरा माझ्याकडेच. तिचे वडील धुडकूआबा तिला कुठे सोडत नाहीत, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिथेच काढला.

ट्यूबखाली रोलवर चेहरा हिरवट येतो. भिंगापुढे गुलाबी फिल्टर लावला की रंग जागेवर येतो. फिल्टर खिशात होता. लावला नाही. लॅबवाल्यालाही बजावलं, रंग सुधारू नकोस. फोटो बघून स्थळ मागे फिरलं. खूश आहे मी, फक्त जेवण जात नाही.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
वैभव

पारोळा
१२ फेब्रुवारी

चि. वैभवास अ. उ. आ.

येडा शे का तू? कॉलेजही असंच डोक्यात राख घालून सोडलंस. त्या फोटोवरून धुडकूआबांच्या पोरीला कावीळ आहे, असं इथवर पसरलंय. घाबरून आबा आता एका बिजवराला होकार देतायत, दोन पोरांचा बाप. काय केलंस ते तिला सांग. आणि जेवत जा. भाचे मामाला विचारतात, तेवढी ओढ राहू दे.

तुझी ताई

भेस्तान
९ मार्च

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

सांगितलं. अश्विनी कात्री खाली ठेवून म्हणाली, "मला मागणी घालायला तोंड उघडलं नाही तुझं. माझं तोंड बिघडवायला बरा हात चालला." मग म्हणाली, फिल्टर लाव.

त्याच ट्यूबखाली उभी राहिली. फिल्टर उजेड खातो, फोटोला वेळ लागतो, म्हणून हलू नको म्हणालो. सावळी आहे तशी आली, ताई, तंतोतंत.

फोटो देताना आबांकडे मागणी घातली. ते म्हणाले, कॉलेज अर्धवट, डोकं गरम, पोरगी कशी देऊ? मला राग आला नाही, तेच जड जातंय. बिजवर टळला. आबांनी तो फोटो नंदुरबारला पाठवला, पसंती आली. मुलाच्या बापाने कळवलंय, लग्नाचे फोटोही याच पोराने काढावेत, रोलवर.

दोन रोल पुरतील का, एवढंच अश्विनीने विचारलं. मी तीन म्हणालो.

तुझ्याशिवाय कुणाला लिहू? आठवण धर.
वैभव