पांढरी पाच

१६ नोव्हें., अमरावती
काल पातूरला सीझनची पहिली हळद. ‘कोनं नेला झेंडू माहा’ पुन्हा पुन्हा गायला लावलं. शेवटच्या वेळी वरचा सूर लागलाच नाही, नुसती हवा गेली. सुनीलनं कीबोर्ड जोरात वाजवून झाकून घेतलं. गाडीत म्हणाला, “ताई, गरम पानी पेत जा.” पितेच आहे. आता फक्त बादलीत डोकं घालायचं राहिलंय.

१९ नोव्हें.
घसा पुन्हा बसला. या सगळ्याचं मूळ गुड्डू, अकोल्याचा डीजे. हे गाणं मी आईबरोबर हार गुंफताना रचलं होतं. सावकाश, माझ्या पट्टीत, पेटीवरची पांढरी पाच. गुड्डूनं नाचायला म्हणून स्पीड वाढवला. त्याबरोबर आवाजही चढला आणि वर काळी पाचमध्ये जाऊन बसला. हिट झालं ते तसं. गावोगावी वाजतो तो बारीक, पोरीसारखा आवाज मशीनचा. स्टेजवर मात्र तो मी काढायचा. इतकी वर्षं काढतेय.

दर्यापूरला एकदा खालच्या पट्टीत गाऊन पाहिलं. पुढं बसलेली मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “हे ते नव्हे वं, दुसरीच कोनी आनली.” मग परत हिंमत झाली नाही.

२४ नोव्हें.
डॉक्टरीणबाईंनी नळी घालून माझाच घसा मला स्क्रीनवर दाखवला. स्वरतंतूंवर दोन्हीकडे गाठी. गाणं बंद, शक्यतो बोलणंही बंद. नाहीतर आवाज जाईल, तो कदाचित परत येणार नाही. विचारलं, लग्नसराई उरकून बंद केलं तर? त्या हसल्या नाहीत. मीच हसले. मग रिक्षात रडले.

मला दुसरं काही येत नाही. शिवणाचा क्लास लावला होता, त्या ब्लाउजची बाही अजून उलटी आहे.

२५ नोव्हें.
१३ डिसें.ला अकोल्याचा मोठा कार्यक्रम. सु. म्हणतो, ट्रॅक लावून देऊ, तू नुसते ओठ हलव. आयोजकांना विचारलं. “मॅडम, मांगच्या साली एकीनं तसंच केलं, पब्लिकनं खुर्च्या फेकल्या. लाइव्ह गासान तरच या.”

डीजे तिथंही गुड्डूच, नाही म्हणाले तर तो दुसरी बारीक गळ्याची मुलगी उभी करेल. त्या आवाजाला कुठलीही मुलगी चालते, कुणाला फरक कळणार नाही. या विचारानं जेवण गेलं नाही.

२ डिसें.
बोलत नाही. खुणा करते, नाहीतर मोबाइलवर लिहून दाखवते. आई वैतागली आहे. “तू बोलत नाही त घर खायले उठते.” मग जरा वेळानं, “काहून एवढ्या वर गातं? घरी गात होती तसं गाय ना माय.”
लिहिलं, लोक उठून जातील.
“जातीन त जाऊ दे. मी त बसन.”
ही कधी माझ्या कार्यक्रमाला आलेली नाही. आवाजानं डोकं दुखतं म्हणते.

१३ डिसें., मूर्तिजापूर
शेवटी हो म्हणालेच. अकोल्याला जाताना चहाला गाडी थांबवली. चहावाला माझंच गाणं गुणगुणत होता. मला ओळखलं नाही. गात होता खालीच, आपल्या आवाजात. वर त्याला कुठं जाता येणार? कुणालाच जाता येत नाही. हे आजवर माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

गाडीत बसल्यावर सु.ला म्हटलं, पांढरी पाच लाव.
“ताई, पागल झाली का? नाचनार नाही ना कोनी.”
नाही तर नाही, म्हटलं. फार ऐटीत म्हटलं. तेव्हापासून अक्षर वाकडं येतंय.

१४ डिसें.
गायले.

पहिल्या कडव्याला पोरं उठून गेली. एक जण मागून ओरडला, “स्पीड वाढव बे.” मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या कडव्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. आधी दोघीतिघी, मग सगळ्याच. आजवर या गाण्यावर त्या नाचल्या असतील, गाता आलं ते कालच. इतका आनंद झाला की मीही जोर लावला.

तिथंच गेला. खोकला नाही, दुखलं नाही, आवाजच नाही. बायका गात राहिल्या. मी माइक तोंडाशी धरून शेवटपर्यंत ओठ हलवत उभी होते. कुणाला कळलं नाही. टाळ्या खूप पडल्या. गुड्डू स्टेजखाली होता, तो तेवढा टाळ्या न वाजवता माझ्या गळ्याकडे बघत होता.

१५ डिसें.
डॉक्टरीणबाई रागावल्या. आठवडाभर एक शब्दही नको. पुढच्या मंगळवारी हळूच बोलून बघा, त्यावरून पुढचं ठरेल.
सु.चा फोन येतो, आई घेते. अकोल्याचे लोक खूश आहेत, पुन्हा बोलावतायत.

२३ डिसें., मंगळवार
आज बोलून बघायचं. सकाळपासून आई आणि मी ओट्यावर शेवंती ओवतोय. तिनं विचारलं नाही. मध्येच गाणं धरलं, आमचं जुनं, सावकाश. ‘कोनं नेला...’ आणि थांबली. पुढचा शब्द माझ्यासाठी ठेवला. माझ्याकडे बघतही नव्हती.

तोंड उघडलं, मिटलं. भीती वाटते, दुसरं काही नाही. मी पुढचं फूल घेतलं.

आईनं पुन्हा पहिल्यापासून धरलं.