राणीची पाठ

आई,

आज नातीच्या शाळेतल्या नाटकासाठी भाड्याने ड्रेस आणायला गेले होते. दुकानदाराने राणीचा झगा पुढ्यात टाकला, तर मी आधी तो उलटा करून त्याची पाठ बघितली. त्याला काही कळेना. तुला कळलं असतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल ते. बाबा जाऊन दीडेक वर्ष झालं होतं. मंगळवेढ्याला माहेरी न जाता तू सोलापुरातच राहिलीस, लोकांची परकर-पोलकी शिवत होतीस, आणि हसणं मात्र पार सोडून दिलं होतंस. तशात कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मला परदेशी राणीचं काम मिळालं. पोशाख ज्याचा त्याने आणायचा, नाही जमला तर राणी दुसरी, अशी अट होती. नाटक बसवणाऱ्या बाईंनी मला इटलीतल्या चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक दिलं आणि म्हणाल्या, यातलं बघून शिवून घे.

ते पुस्तक तू पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलंस. पहिल्याच चित्रातल्या बाईला बघून म्हणालीस, "रानी म्हंतीस, आन् बाह्या तर फाटक्या हायत की हिच्या!" मी समजावलं, त्या चिरा मुद्दाम पाडतात, आतलं पांढरं दिसावं म्हणून. "चांगल्या कापडाला कात्रीनं भोकं पाडायची? आपल्याच्यानं न्हाय व्हायचं," असं म्हणून तू वरूनच पांढऱ्या मलमलीचे फुगे शिवलेस. मग बराच वेळ त्या बाईच्या तोंडाकडे बघत बसलीस. "हिचंबी कपाळ मोकळंच गं," म्हणालीस. मला तेव्हा तुला मिठी मारावीशी वाटली होती, पण आपल्याकडे तशी पद्धत नव्हती.

माझा डोळा तुझ्या शालूवर होता. "शालूला हात लावून तर बग. रानी गेली उडत," म्हणालीस, आणि ट्रंकेतून किरमिजी रंगाची चादर काढलीस. तिच्यावरची वेलबुट्टी खरंच चित्रातल्या भरजरी कापडासारखी दिसत होती. पण एक चादर पुरेना. तू पुस्तकाची पानं पुन्हापुन्हा उलटलीस आणि एकाही बाईची पाठ दिसेना, तसा तुझा चेहरा उजळला. "चित्र काडणाऱ्यानं पाठ दावली न्हाय, मग आपुन तरी कशाला शिवायची?" मागची सगळी बाजू तू स्वस्तातल्या जाड्याभरड्या माझरपाटाची लावलीस. त्यावर गिरणीचा छाप होता, भला मोठा निळा हत्ती, आणि तो आला नेमका बसायच्या जागी. चोळून धुतला तरी जाईना.

"सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यातनं निगतो तसं निगायचं," तू बजावलंस. "देवाला पाठ दावत न्हाय, तशी लोकास्नीबी दावायची न्हाय." मग स्वयंपाकघरात उलट्या पावलांनी चालायची तालीम सुरू झाली. दोनदा मी मांडणीवर आपटले, भांडी खाली आली, तरी तू सोडलं नाहीस. कॉलेजातल्या तालमीत बाई म्हणाल्या, हिची चाल किती राजेशाही आहे बघा!

विधवेने कशाला गॅदरिंगला यायचं, म्हणून तू येणार नव्हतीस. शेजारच्या तेलुगू अक्कांनी तुला ओढून आणलं. मला स्टेजवरून तू दिसतेस. दुसऱ्या रांगेत, अगदी कडेला. सगळे नाटक बघताहेत आणि तू फक्त माझी शिवण बघतेस, पदराचं टोक दातात धरून. शेवटच्या प्रवेशात राणी राज्य सोडून निघते. मी मुकुट खाली ठेवते, उलट्या पावलांनी मागे सरकते, विंग जवळ येते. आणि मी वळते.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "हत्ती!" आणि हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मी खांद्यावरून मागे पाहिलं. तू पदर तोंडाशी धरलास, मग तोही सुटला आणि अक्कांच्या खांद्यावर डोकं टेकून तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. बाबा गेल्यानंतर मी तुला पहिल्यांदा हसताना पाहिलं. बाई माझ्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत, आणि पुन्हा मला काम म्हणून दिलं नाही.

पुढे जन्मभर तू हा किस्सा सांगितलास. माझ्या सासरच्यांना, लेकीच्या बारशाला, दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा. "इतकं घोकून घेतलं, आन् ऐन वक्ताला इसरली येडी!" सगळे हसायचे, मीही मान हलवायचे. तुला सांगताना इतकी मजा यायची की मधे बोलावंसं वाटलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मी विसरले नव्हते, आई.