पाच हेलिकॉप्टरांचा फोटो

८ मार्च

ती. आई,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते, आणि त्या पायांचे गुडघे कसे आहेत तेही विचारते. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाल्याचं वन्संनी सांगितलं. बरं वाटलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून नेहमीसारखं पत्रच. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत.

सोबत एक मोठा फोटो पाठवते आहे. पाकीट फोडताना कात्री जपून लावा. ‘लोकांची लग्नं-बारशी सोडून आमची सून लोखंडाचे फोटो काढते,’ असं तुम्ही शेजारणीला म्हणाला होतात, ते माझ्यापर्यंत पोचलं होतं बरं का. तर हे ते लोखंड.

सगळ्यात पुढचं पांढरं, लाल पट्ट्याचं, पेशंट नेणारं. ते याचं, तुमच्या लेकाचं, तुम्ही ओळखालच. त्याच्या एका बाजूला जंगलातली आग विझवणारं, दुसऱ्या बाजूला विजेच्या तारा तपासणारं, आणि मागे शिकाऊ लोकांची दोन चिमुकली. फोटोत वाटतात तितकी ती खरंच जवळ होती. सैन्यातल्या वैमानिकांना असं चिकटून उडायची सवय असते. या मंडळींचा धंदा उलटा, दुसऱ्यापासून जितकं लांब तितकं बरं. त्यामुळे आधी बरीच तालीम झाली.

तालीम कशी करतात माहीत आहे? पायी. हँगरसमोरच्या काँक्रीटवर याने खडूने खुणा केल्या आणि पाच मोठी माणसं तिरकी रांग धरून चालायला लागली. वळताना आतल्याने पाय ओढत जायचं, बाहेरच्याने भरभर. आग विझवणारा अंगाने चांगलाच भारी, तो धापा टाकत म्हणाला, “वर मला इंजिन असतं हो, इथे नाही.” याच्या हातातून खडू दोनदा पडला. खूप हसलो आम्ही.

याने सगळ्यांना एकच गोष्ट परत परत बजावली. “तुम्ही फक्त माझ्याकडे बघायचं. खाली नाही, डोंगराकडे नाही, बाजूवाल्याकडे नाही. बाकीच्या जगाकडे मी बघतो.”

मी सहाव्या हेलिकॉप्टरमध्ये होते. त्याचं एका बाजूचं दार काढून ठेवलेलं. कमरेला आणि खांद्यांना पट्टे बांधून मी दारातच खाली बसले होते. खिशातलं सगळं आधी काढून घेतात, केसांच्या पिनासुद्धा. काही सुटून मागच्या पंख्यात गेलं तर कठीण. वारा असा की डोळ्यांतलं पाणी कानात जातं. आणि फोटोची गंमत अशी की कॅमेरा जलद चालवला तर पंखे जागच्या जागी थिजतात, हेलिकॉप्टर दोरीने टांगलेलं खेळणं वाटतं. पंख्यांची गोल चक्रं दिसायला हवीत तर कॅमेरा सावकाश चालवावा लागतो. मग माझं अंग हलतं, यंत्र हलतं, शंभरातले नव्वद फोटो वाया जातात. हा उरलेल्यांतला.

कंपनीच्या कॅलेंडरसाठी होतं हे सगळं. त्या धावपळीत याला खाली दोन ओळी लिहायला वेळ झाला नाही. पुढच्या वेळी लिहील. डोळ्याला जपा. वन्संना नमस्कार.

तुमची सून

---

२ एप्रिल

चि. सौ. फोटोवालीस आशीर्वाद.

डोळ्याचं झालं. पट्टी निघाली. समोरच्या गच्चीवरच्या माणसाने दाढी केली आहे की नाही तेही आता दिसतं. आणि आपल्या स्वयंपाकघराचे कोपरे इतके काळे होते ते मला माहीतच नव्हतं. तुझ्या वन्संना बोलले तर तिने तोंड पाडलं.

फोटो बघितला. चांगला आहे. चक्रं धुरकट आहेत ती मुद्दाम, हे लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर मी म्हटलं असतं की हिचा हात हलला.

आता मी विचारते त्याचं उत्तर दे. तू चार पानं लिहिलीस. वारा किती, दार कसं काढतात, पिना कुठे ठेवतात, सगळं लिहिलंस. माझा मुलगा जेवतो का, कुणाशी भांडला, त्याबद्दल अक्षर नाही. तुझ्या दर पत्रात त्याची एक तरी तक्रार असते. ओला टॉवेल गादीवर टाकतो, दिवे चालू ठेवून झोपतो, सांगितलेलं सामान सोडून भलतंच आणतो. मी वाचते आणि मला बरं वाटतं, कारण लहानपणी तो हेच करायचा. या वेळी एकही तक्रार नाही. तुझे सासरे आजारी पडले तेव्हा दोन वर्षं मीही कुणाकडे त्यांची तक्रार केली नव्हती.

आणि दोन ओळी लिहायला वेळ नाही? शाळेत नापास झाला तेव्हा मामाकडे होता, मामाच्या पत्राखाली त्याने स्वतः लिहिलं होतं, ‘आई, मी नापास झालो, बाकी ठीक.’ असा मुलगा आहे तो.

मला ऐकू येत नाही म्हणून सगळे मला सगळं उशिरा सांगतात. शेजाऱ्यांच्या घरातलं मरणसुद्धा मला तिसऱ्या दिवशी कळलं. तू तसं करू नकोस. काय असेल ते लिही. मी बसून वाचेन.

आई

---

९ एप्रिल

ती. आई,

तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. ‘बाकी ठीक’पर्यंत आले आणि तो हसला. म्हणाला, “आईपुढे माझं खोटं कधी एक दिवस टिकलं नाही, तुझं कुठून टिकणार?” मग म्हणाला, “लिही. पण सरळ लिही. आईला गोल गोल बोललेलं आवडत नाही.”

म्हणून सरळ लिहिते. त्याला मज्जातंतूंचा आजार झाला आहे. डोक्याचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही, मग तो स्नायू वाळत जातो. उजव्या हातापासून सुरुवात झाली. आता डावाही गेल्यासारखाच आहे. शर्टाची बटणं मी लावते. चालतो, पण पाय मध्येच अडखळतो. बोलतो नीट, जेवतो नीट. पुढे तेही राहणार नाही. औषध आहे ते फक्त वेग थोडा कमी करतं. दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघांनी तेच सांगितलं. दुसरे म्हणाले, लांबचे बेत ठेवू नका. दुखत नाही. हे तुम्ही आधी विचाराल म्हणून लिहिते, त्याला खरंच दुखत नाही.

तुमच्या डोळ्याचं होईपर्यंत कळवायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातली होती. ऑपरेशननंतर रडून चालत नाही म्हणे.

त्याचं काम कुणी बंद केलं नाही, त्याने स्वतः केलं. हे मात्र नक्की लिही असं त्याने सांगितलं आहे. थंडीचे दिवस होते. डोंगरापलीकडच्या गावातून एका बाळंतिणीला घेऊन तो इस्पितळाच्या गच्चीवर उतरत होता. शेवटच्या क्षणी हाताने ऐकायला उशीर केला. अगदी जरासा. उतरताना धक्का बसला तो नेहमीपेक्षा थोडा मोठा, एवढंच. सोबतच्या नर्सलाही काही वाटलं नाही. बाईला आत नेलं, बाळ सुखरूप झालं. याने पंखे थांबवले, तळावरच्या मुख्य वैमानिकाला फोन लावला आणि सांगितलं, “हे परत न्यायला दुसऱ्या कुणाला तरी पाठव. आजपासून मला लावू नकोस.” परत येताना तो मागे बसून आला, जिथे पेशंट झोपवतात तिथे. तपासण्या, डॉक्टर, सगळं त्यानंतर.

त्यामुळे कॅलेंडर-बिलेंडर काही नव्हतं, आई. सगळ्यांना कळलं तेव्हा त्या चौघांनी ठरवलं की त्याच्यासोबत एकदा उडायचं. मालकांनी इंधन दिलं, एक सकाळ दिली. फोटो मी काढायचा असं तोच म्हणाला. मी नाही म्हणत होते. म्हणाला, “दुसरा कुणी काढेल तर पंखे थिजवून ठेवेल.”

तो पुढच्या हेलिकॉप्टरमध्ये होता हे मी खोटं लिहिलं नव्हतं. पण तो डावीकडे बसला होता. चालवणारा उजवीकडे बसतो. तुम्हाला ते माहीत असायचं कारण नाही, म्हणूनच मी लिहिलं नाही. चालवत होती आमच्यातली सगळ्यात धाकटी, त्यानेच शिकवलेली मुलगी. त्याच्याकडे फक्त रेडिओ होता. “आगवाले, थोडं वर. तारवाले, घाई नको. मागची पोरं, छान, तसंच.” सहाही हेलिकॉप्टरांत त्याचाच आवाज येत होता. मला लांबचं दिसणाऱ्या भिंगातून त्याचं तोंड जेवणाच्या टेबलापलीकडे असावं तसं दिसत होतं. दोन्ही हात मांडीवर. तेही त्याने ठेवलेले नव्हते, बसताना धाकटीने उचलून ठेवले होते.

शेवटच्या फेरीला ती रेडिओवरच म्हणाली, “सर, एकदा धरता का? मी हात सोडत नाही, वरून धरून ठेवते.”



तो म्हणाला, “नको गं. माझ्यामागे चार माणसं आहेत.”

किती साधेपणाने म्हणाला! चहा नको म्हणावं तसं. आई, त्याला धरायचं होतं. मी बघत होते ना, त्याचे खांदे पुढे झाले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला इतकं काही हवंसं वाटलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि इतक्या चटकन नाही म्हटलेलंही.

मग त्याने एकेकाला सोडलं. “तारवाले, सुटा.” ते डावीकडे वळून खाली गेलं. “आगवाले, सुटा.” मग मागची दोघं. प्रत्येक जण जाताना “थँक यू सर” म्हणत होता आणि हा प्रत्येकाला “जपून उतरा” म्हणत होता. शेवटी समोर ते एकटंच उरलं, लाल पट्ट्याचं, आणि त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तो सबंध सकाळभरातला सगळ्यात चांगला फोटो झाला असता. प्रकाश होता, अंतर बरोबर होतं. मी काढला नाही. माझे हात धडधाकट होते, तरी बोट दाबलं गेलं नाही. आमचा वैमानिक दोनदा म्हणाला, “ताई, घेताय ना?” मी हो म्हटलं. घेतला नव्हता.

खाली उतरल्यावर त्याने सगळ्यांशी विनोद केले. आगवाला रडायला लागला तर याने त्याला वजनावरून चिडवलं. घरी येऊन मात्र तो दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी जेवायचं विचारायला गेले तेव्हा म्हणाला, “ती चांगली उडवते गं. माझ्यापेक्षा मऊ हात आहे तिचा.” त्यानंतर त्याने हेलिकॉप्टरचा विषय काढलेला नाही. परवा वरून एक गेलं तेव्हा त्याने टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला.

आई, तुम्ही या. चार दिवसांसाठी नको, राहायलाच या. मला एकटीला हे जमणार नाही. तो माझ्यावर चिडत नाही, तक्रार करत नाही, मी जे देईन ते खातो, आणि मला ते सहन होत नाही. तुमच्यावर तो चिडेल. तुम्ही त्याला रागवाल. त्याला कुणीतरी रागवायला हवं आहे.

वन्संना हे पत्र वाचायला द्या. मी फोन केला तर बोलू शकणार नाही. दुपारची गाडी घ्या, म्हणजे पोचेपर्यंत उजेड असेल. स्टेशनवर मी एकटीच येईन. तो येतो म्हणेल, मी येऊ देणार नाही. घराखाली गाडी लावली की लगेच वर जायचं नाही. आपण दोघी गाडीतच थोडा वेळ बसू. मी अजून कुणापुढे रडलेले नाही. तिथे रडून घेऊ, तोंड पुसू, आणि मग वर जाऊ.

वाट बघते आहे,
तुमची सून