चिमणाबाईची हजेरी

१२ नोव्हेंबर २००१

ती. गणपतराव दाजींस, मुक्काम कुरुंदवाड,

तुम्हांस्नी आणि अक्काला हंबीररावचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा हाय? अक्काची शुगर? इकडं समदी खुशाल, फक्त माझा उजवा पाय प्लास्टरात हाय. (म्हस धूत होतो, ती मधीच बसली. कशावर बसली ते विचारू नका.)

तर महिनाभर खाटंवर. पेपर वाचला, पंचांग वाचलं, शेवटी खताच्या पोत्यावरचं बी वाचून काढलं. मग आमच्या पूर्णिमानं कॉलेजातनं जाडजूड पुस्तक आणलं. म्हणाली, "आबा, वाचा, पण वरडू नका." आस्ट्रेलियातल्या मूळच्या माणसांचं पुस्तक हो. काय सरकार म्हणायचं ते दाजी! हजारो वर्षं जी माणसं तिथं ऱ्हात आली, त्यांनीच गाव सोडायला परवानगी काढायची, लग्नाला साहेबाची परवानगी, आणि पोरं तर आईच्या हातनं वढून आश्रमात. मी एवढा पेटलो की देवळाच्या कट्ट्यावर खुर्ची टाकून रोज एक प्रकरण मोठ्यानं वाचायला लागलो. आस्ट्रेलियाला शिव्या द्यायला निम्मं गाव जमायचं. (क्रिकेटमुळं सवय होतीच.) मला एकच कोडं पडलं होतं, कोण कुठं गेलं हे त्या सरकारला कळायचं कसं? तर ठिकठिकाणी एकेक माणूस नेमलेला, वही घेऊन. मी म्हणालो, "पहिला त्या वहीवाल्याला धरला पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या की.

शेवटचं प्रकरण आपल्या देशाचं निघालं. १८७१ साली इंग्रजानं कायदा केला. काही जमाती म्हणे जन्मापास्नंच गुन्हेगार, त्यांनी सरकारी माणसाकडं हजेरी द्यायची. त्यात पारधी बी होते. कायदा रद्द झाला १९५२ ला. दाजी, माझा जन्म त्रेपन्नचा! आणि चौऱ्याऐंशीला पोलीस पाटील झाल्यापास्नं, पारध्यांची चिमणाबाई आमच्या गायरानात उतरली की मी तिची हजेरी लिवतोय. माणसं किती, आली कुठनं, जाणार कधी. तांबड्या शाईनं रेघा मारून. माझ्या आधी आमचे तात्या पाटील होते, ते लिवायचे, म्हणून मी बी. त्या दिवशी कट्ट्यावर घसा बसलाय म्हणून सांगितलं आणि खुर्ची उचलली.

मग तसाच प्लास्टरासकट मोटरसायकलीवर मागं बसून ठाण्यात गेलतो. हवालदाराला विचारलं, कायदा कुठाय? म्हणाला, "कायद्याचं सोडा पाटील. पद्धत हाय ती."

मागल्या सोमवारी चिमणाबाई आली, नेहमीसारखी पायरीखाली उभी. मी ऐटीत म्हणालो, "म्हातारे, आता हजेरी न्हाय. तो कायदा बावन्नलाच गेला." वाटलं, खूश हुईल. ती पांढरी पडली. "लिवा की पाटील. लिवलं न्हाय आणि गावात काय गेलं, तर चोरून उतरलो म्हणत्याल, मग आमी कुटं जायचं?" मी न्हाय म्हणत ऱ्हायलो, ती लिवा म्हणत ऱ्हायली. दोन तास उभी होती. दुपारी पालं मोडून समदी निघून गेली. एवढं पुस्तक वाचून मी म्हातारीला पळवून लावलं बघा. लई वाईट वाटलं.

तब्येतीला जपा. अक्काला गोड खाऊ देऊ नका.

तुमचा,
हंबीरराव

ता. क. चिमणाबाई तुमच्या घाटाजवळ उतरलीया असं कळलं. पत्राचं खरं कारण तेच. प्लास्टर गुरुवारी निघतंय, शुक्रवारी येतो. तिची माफी मागायचीया, तुम्ही संगं चला.

ता. क. दुसरं. म्हणाल, मी कशाला? शहाण्णव साली आमच्या विहिरीवरची मोटर गेलती. वहीत चिमणाबाईच्या थोरल्याचं नाव होतं, म्हणून ठाण्यानं त्याला उचलला. तीन दिवस मार खाल्ला त्यानं. चौथ्या दिवशी तुम्ही मोटर घेऊन आला. कुणाला न सांगता शिरोलीला वाइंडिंगला नेलीती. आपण हसलो, हिनं तांबडा-पांढरा रस्सा केला. पोराला मी सोडवून आणला, पण मोटर कुणी नेलीती ते ठाण्यात बोललो न्हाय. पाव्हण्याची अब्रू जाईल म्हणून. वहीत त्याच्या नावाम्होरं 'मोटर चोरी, संशय' अजून तसंच हाय. त्या आठवड्यात गावात तुम्ही बी आलता. तुमची हजेरी मी घेतली न्हाय.

वही घेऊन येतोय. ते पान तिच्यासमोर दुरुस्त करायचंय. त्यावर सही तुमची लागंल.